साहेब येवोत न येवोत, अंगणवाडी रोज तयार हवी

वस्तीत सकाळी सकाळी अंगणवाडीसमोर सडा-रांगोळी दिसली, भिंतीवर नवे तक्ते लागले आणि मुलांना 'चांगले कपडे घालून या' असा निरोप घरोघर गेला, की आयाबायांना न सांगता कळते : आज वरून कोणीतरी तपासणीला येणार. पाहुणे येतात, वही चाळतात, एखाद्या पोराला बडबडगीत म्हणायला लावतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तपासणी झाली, शेरा चांगला मिळाला, सगळे सुटले.

आमचा प्रश्न त्या एका दिवसाचा नाही. बाकीच्या दिवसांचा आहे. पूरक पोषण आहार वर्षातून ३०० दिवस द्यायचा असतो. त्यातले दोन-चार दिवस साहेबांचे धरले, तरी उरलेले सगळे दिवस आपल्या लेकरांचे असतात. जुलाब, भाजणे, पडणे, वजन घटणे हे सारे त्या उरलेल्या दिवसांतच होते. म्हणून आम्ही म्हणतो, तपासणीची तयारी ही साहेबांसाठी करायची गोष्टच नाही. जी खोली रोज मुलासाठी तयार असते, ती साहेबासाठी आपोआप तयार असते.

अंगणवाडीबाबत जे लिहितो आहोत ते वस्तीतल्या खाजगी बालवाडीला आणि पाळणाघरालाही लागू आहे. धुणीभांडी, कचरा वेचणे, बांधकाम, शिवणकाम करणाऱ्या आपल्या बहिणी एखाद्या मावशीकडे लेकरू ठेवून कामाला जातात. तिथे बहुतेक वेळा सरकारी तपासणी पोचतच नाही. तिथे मुलाची आई हीच तपासनीस.

हा उपकार नव्हे

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडीत सहा सेवा मिळायला हव्यात : पूरक पोषण आहार, शाळापूर्व शिक्षण, आईला पोषण व आरोग्याचे शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांचा आणि गरोदर व स्तनदा मातांचा आहार हा कायदेशीर हक्क झाला.

आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचा आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश. अन्न अधिकाराच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की नवीन अंगणवाड्या उघडताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्या. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असेही त्याच आदेशात आहे. ही गोष्ट किती घरांना ठाऊक आहे? ज्याला हक्क ठाऊक नसतो, त्याला हक्कसुद्धा मेहेरबानीसारखा वाटतो.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते, की बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. कष्टकरी आईचे मूल ही तिची एकटीची खाजगी काळजी नाही, हा तो विचार. अंगणवाडीच्या दारात उभे राहताना आपण तोच विचार घेऊन उभे राहिले पाहिजे.

दार उघडल्यावरची दहा मिनिटे

रोजची तयारी म्हणजे फार मोठे काम नाही. सेविका आणि मदतनीस यांनी मुले येण्याआधी दहा मिनिटे खोली डोळ्यांखालून घातली, तर निम्मे धोके टळतात. काय पाहायचे ते आम्ही अनुभवाने सांगतो.

जमीन कोरडी आहे का? उंदरांनी रात्री काही सांडले, कुरतडले आहे का? लोंबणारी वायर, उघडा प्लग मुलाच्या हाताला लागेल असा आहे का? फिनेल, ब्लीचिंग पावडर, उंदराचे औषध वर कुलपात आहे का? कोल्ड्रिंकच्या बाटलीत फिनेल कधीही भरून ठेवू नये. मूल बाटली ओळखते, आतले द्रव्य ओळखत नाही.

पाण्याची बादली आणि पिंप झाकलेले हवे. दीड वर्षाचे मूल बादलीत डोके खाली करून पडले तर वीतभर पाणीही जीव घेते, आणि अशा वेळी मूल ओरडत नाही. पिण्याच्या पाण्यात हात बुडवायचा नाही. लांब दांड्याचे ओगराळे ठेवायचे. नळ गटाराशेजारून येत असेल किंवा पाणी टँकरचे असेल, तर ते खळखळून उकळावे. पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, वाळवून भरावे. कोरडा दिवस पाळला की डासांच्या अळ्या उरत नाहीत, डेंग्यू हटतो.

शेगडी मुलांच्या खोलीत नको. जागा एकच असेल तर मध्ये फळी किंवा आडोसा हवा. आहार शिजल्यापासून दोन तासांच्या आत मुलांच्या पोटात गेला पाहिजे. सकाळी आलेला भात दुपारपर्यंत डब्यात ठेवून वाढू नये. चणे, फुटाणे, अख्खे शेंगदाणे लहान मुलांच्या घशात अडकतात; कुटून किंवा मऊ शिजवून द्यावेत. वाढण्याआधी सेविकेने आणि एका आईने घासभर चव घ्यावी. चव घेणाऱ्या आईची पाळी लावली, की आहाराबद्दलच्या कुजबुजी आपोआप बंद होतात.

साबण हा खर्च नव्हे, औषध आहे. जेवणाआधी आणि संडासनंतर साबणाने हात धुण्याची सवय लागली, की जुलाब कमी होतात हे आम्ही दवाखान्यात आणि वस्तीत दोन्हीकडे पाहिले आहे. मुलाचे हात धुतले आणि वाढणाऱ्या बाईचे राहिले, तर उपयोग नाही.

आजारी मूल : खरे बोलण्याची दोन्ही बाजूंची जबाबदारी

इथे आम्हाला पालकांशीही स्पष्ट बोलायचे आहे. रात्री ताप होता, सकाळी तापाचे औषध पाजले, अंग थंड लागले आणि मूल सोडून आई कामाला गेली. औषधाचा असर उतरला की दुपारी ताप पुन्हा चढतो. तोवर ते मूल पंधरा जणांत खेळलेले असते. आईचा दोष काढणे सोपे आहे. एक खाडा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि दोन खाडे झाले की मालकीण दुसरी बाई बघते. पण ताप लपवला, तर सेविकेला कळत नाही की या मुलाकडे लक्ष ठेवायचे आहे. निदान इतके तरी सांगा : "बाई, रात्री ताप होता, सहाला औषध दिलंय, हा माझा नंबर." एवढ्या वाक्याने मुलाचा जीव वाचू शकतो.

जुलाब लागलेले मूल जुलाब थांबून दोन दिवस होईपर्यंत घरी ठेवावे. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आणि गोवरात पुरळ आल्यापासून किमान चार दिवस मूल इतरांत मिसळू नये. यासाठी चार-पाच शेजारणींनी आपसात पाळी ठरवावी. आजारी मुलाजवळ आज एक थांबेल, उद्या दुसरी. वस्तीतल्या महिला मंडळाने हे काम अंगावर घेतले, तर कोणाचीच मजुरी फार बुडत नाही.

जुलाबात एक पाकीट ओआरएस एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घोट घोट पाजावे. सोबत आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात, जुलाब आधी थांबले तरी. पुढील लक्षणे दिसली तर मात्र वाट पाहू नये : मूल काहीच पीत नाही, प्यायलेले सारे ओकते, झटके येतात, सुस्त पडते, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, किंवा एक ते पाच वर्षांचे मूल मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास घेते. अशा वेळी अंगारा-धुपारा नाही, थेट दवाखाना. भाजले तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये.

लसीचे कार्ड सेविकेने दर महिन्याला पाहावे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराची साथ आली आणि बालके दगावली. दाटीवाटीच्या वस्तीत लस चुकलेली मुले असली की गोवर अशीच वाट काढतो. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत घ्यायचा असतो. दुसरा डोस अनेकदा राहून जातो. आपल्या घरातले कार्ड आजच काढून पाहा.

वहीतले वजन आणि मुलाचे वजन

एका वस्तीत आम्ही गेलो होतो. वही टापटीप, अक्षर सुंदर. एका मुलीचे वजन दर महिन्याला बरोबर दोनशे ग्रॅमने वाढत होते. प्रत्यक्षात मुलगी समोर बसली होती तिचा दंड आमच्या पट्टीने भरला ११.२ सेंटिमीटर. पट्टीचा लाल भाग. काटा तीन महिन्यांपासून बिघडलेला होता, नवा मागून मिळाला नव्हता, आणि रकाना मोकळा दिसला तर वरून बोलणी बसतात म्हणून आकडा भरला जात होता. तपासणीत ही अंगणवाडी पास झाली होती. मुलगी मात्र तीव्र कुपोषित होती. पुढे तिला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागले. ती बरी झाली, पण तीन महिने वाया गेले होते.

म्हणून सांगतो, तपासणीसाठी भरलेली वही ही मुलासाठी धोक्याची वही असते. काटा बिघडला असेल तर रकान्यात 'काटा नादुरुस्त, अमुक तारखेला मागणी केली' असेच लिहावे आणि मागणीच्या अर्जावर पोच घ्यावी. हे लिहिणारी सेविका अडचणीत येत नाही; खोटा आकडा लिहिणारी कधी ना कधी येतेच. मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरलेल्या माहितीलाही हेच लागू आहे.

आईने काय करावे? दर महिन्याच्या वजनाला स्वतः हजर राहावे. काटा आधी शून्यावर आहे का पाहावे, मुलाचे जाड कपडे, चपला काढाव्यात, आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका कुठे पडला ते दाखवून घ्यावे. हिरव्यात असेल तर ठीक. रेघ आडवी झाली किंवा खाली आली, तर रंग हिरवा असला तरी विचारावे. दंडघेराची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असते : ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मध्ये म्हणजे मध्यम. दोन्ही पायांवर सूज असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर वजन कितीही भरो, मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. अक्षर वाचता येत नसले तरी लाल, पिवळा, हिरवा प्रत्येक आईला वाचता येतो.

विश्वास कसा बसतो

धम्मवंदनेत आपण धम्माचा एक गुण म्हणतो : एहिपस्सिको. या आणि स्वतः पाहा. डोळे झाकून मानायला तथागतांनी सांगितले नाही. बालवाडीलाही हीच कसोटी लावावी. जिथे आईला कोणत्याही वेळी आत येऊन पाहता येते, ती जागा चांगली. जिथे 'मुले रडतात, आत येऊ नका' असे रोजच सांगतात, तिथे शंका घ्यावी.

विश्वास बसवायला सेविकेला चार गोष्टी पुरतात. दारावर आजचा आहार आणि हजेरीचा आकडा खडूने लिहावा. मूल पडले, खरचटले, चावले तर आई घ्यायला आल्याबरोबर आपणहून सांगावे : किती वाजता, कसे, काय उपचार केला. आईने घरी आंघोळ घालताना जखम पाहिली, की तोवर केलेले सारे चांगले काम धुऊन जाते. मूल कोण नेणार याची नावे लिहून ठेवावीत. ओळखीचा चेहरा आहे म्हणून यादीबाहेरच्या माणसाच्या हाती मूल देऊ नये. आणि महिन्यातून एकदा पालकांची बैठक आईच्या सोयीच्या वेळेला, म्हणजे संध्याकाळी किंवा रविवारी घ्यावी. कामावर गेलेल्या बाईला सकाळी अकराला बोलावून 'पालक येत नाहीत' म्हणण्यात अर्थ नाही.

मूल अचानक तिथे जायला घाबरू लागले, कपडे काढताना आक्रसू लागले, अंगावर वळ दिसले, तर मुलाला मारून-धमकावून पाठवू नये. त्याच्याजवळ बसून ऐकावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. वस्तीची अब्रू जाईल म्हणून मिटवामिटवी करणारा गुन्हेगाराला मदत करतो.

ताट आणि पंगत

अजूनही काही गावांत आपल्या मुलाला वेगळे बसवणे, पाणी वरून ओतणे, आपल्या बाईने शिजवलेले न खाणे असे प्रकार होतात. हा 'रिवाज' नाही, गुन्हा आहे. पालकांनी तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवावेत आणि एकट्याने नव्हे, चार जणांनी मिळून तक्रार द्यावी. तपासणीच्या यादीत पंगतीचा रकाना नसेल, तर तो आपण मनात ठेवावा : सगळी मुले एका रांगेत, सारख्या ताटांत जेवतात का?

आणि हाच आरसा आपण स्वतःलाही दाखवावा. आपल्या वस्तीत भटक्या समाजाचे, मातंग समाजाचे, मुस्लिम घरातले किंवा नुकतेच परराज्यातून आलेले मूल असेल, तर त्याला आपल्या विहारात भरणाऱ्या बालवाडीत तितक्याच मायेने वाढले जाते का? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही.

सेविका आपली शत्रू नाही

तपासणी म्हणजे बाईला धारेवर धरणे नव्हे. सेविका व मदतनीस मानधनावर काम करतात. आहार, वजन, शिक्षण, गृहभेटी, सर्वेक्षण, मोबाइलमधली नोंद, सारे त्यांच्याच अंगावर. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविका-मदतनिसांना आपल्या मागण्यांसाठी दीर्घ संपावर जावे लागले. त्यातल्या कितीतरी आपल्याच लेकी-सुना आहेत. त्यांच्या मागणीत आपण सोबत उभे राहिलो, तर उद्या आपल्या प्रश्नाला त्या मोकळेपणाने उत्तर देतील. काटा नाही, साबण नाही, संडासला दार नाही, तर ती तक्रार सेविकेविरुद्ध नाही. ती सेविकेसोबत सही करून वर पाठवायची तक्रार आहे.

तक्रारीची वाट अशी : आधी सेविकेशी बोला. मग पर्यवेक्षिकेला लेखी द्या. मग बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. आहाराचा हक्क डावलला जात असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. साहित्य, आहार, दुरुस्ती यांवर काय आले आणि काय गेले हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क लागत नाही, उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

या महिन्यात काय कराल

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि मग संघाला जाब विचारला, की तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? धम्मात शुश्रूषा खालच्या दर्जाचे काम नाही. लहान मुलाचे नाक पुसणे, बूड धुणे, वजन खरे लिहिणे हे सारे धम्माचेच काम आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास थांबा. पाच आयांची एक समिती करा. त्यात एक आजी आणि एक बापही घ्या, कारण मूल एकट्या बाईचे नसते. आठवड्यातून एकदा, न सांगता, पण हसतमुखाने अंगणवाडीत जा. सहा गोष्टी पाहा : पाणी, साबण, आहार, संडास, काटा आणि पंगत. जे चांगले दिसेल ते सेविकेला तोंडावर सांगा. जे कमी असेल ते वहीत तारखेनिशी लिहा आणि पुढच्या आठवड्यात तेच आधी पाहा. वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुले असून अंगणवाडी नसेल, तर घरटी मुलांची यादी करा आणि मागणीचा अर्ज याच महिन्यात द्या.

जयभीम. नमो बुद्धाय.